खंभातच्या आखातात रीफ का नाही, कच्छच्या आखातात का आहे

आधी प्रश्न परत लिहितो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बडोद्यात एम.एससी.चं प्रोजेक्ट चालू आहे, गुजरातच्या किनाऱ्यावर पोवळी (कोरल) कुठे राहू शकतात याचा नकाशा संगणकातल्या मॉडेलने काढायचाय, त्यात सॅटेलाइटवरून मिळणारं समुद्राचं सरासरी टेंपरेचर आणि खारटपणा घातला, आणि मॉडेलने कच्छच्या आखाताबरोबर खंभातचं आखातही लालेलाल रंगवून दाखवलं, म्हणजे दोन्हीकडे पोवळ्यांना उत्तम जागा. प्रत्यक्षात खंभातच्या आखातात आत कुठे रीफ, म्हणजे पोवळ्यांनी बांधलेला चुनखडीचा पट्टा, नाहीच. मग मॉडेलमधे काय राहिलं, असं तू विचारलंयस.

थेट सांगतो, तू घातलेला डेटा खोटा नाहीये, पण तो सगळा सरासरीचा आहे. आणि एका जागी चिकटून राहणारा जीव, पोवळं असो, स्पंज असो की कालव, तो सरासरीत जगत नाही. मासा वाईट पाण्यातून निघून जातो, याला कुठे जाताच येत नाही. त्यामुळे वर्षातले सगळ्यात वाईट आठ-पंधरा दिवस, कधीकधी तर एका दुपारचे दोन तास, जिथे निभावून नेता येतात तिथेच तो दिसतो. किनाऱ्यावर कुठली प्रजाती कुठे आहे हे वाचायचं असेल तर तिथलं पाणी सर्वात वाईट कधी असतं आणि किती वेळ तसं राहतं हे आधी विचारायचं. बाकी सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

टेंपरेचरपासून सुरुवात करू कारण सगळे तिथूनच करतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की हिवाळ्यात पाणी बराच काळ 18 अंशांच्या खाली गेलं तर रीफ बांधला जात नाही. हे जगाच्या नकाशावर बऱ्यापैकी खरं आहे. जपानजवळून कुरोशिओ हा गरम प्रवाह वर जातो म्हणून तिथे 33-34 अंश उत्तरेपर्यंत रीफ सापडतो, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला गरम प्रवाह खाली येतो म्हणून लॉर्ड होव बेटापाशी 31 अंश दक्षिणेच्या पुढेही रीफ आहे, आणि त्याच अक्षांशांवर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला हंबोल्टचा थंड प्रवाह असल्यामुळे रीफचं नावही नाही. म्हणजे नुसता अक्षांश बघून काही कळत नाही, प्रवाह कुठून येतो ते बघावं लागतं. गालापागोसमधे तर एकाच द्वीपसमूहात हे दिसतं, उत्तरेच्या डार्विन आणि वुल्फ बेटांपाशी पोवळी आहेत आणि पश्चिमेला खोल थंड पाणी वर येतं तिथे पेंग्विन राहतात!

आपल्या अरबी समुद्रातलं उदाहरण मला याहून महत्त्वाचं वाटतं. ओमानचा धोफार किनारा साधारण 17 अंश उत्तरेला, म्हणजे आपल्या रत्नागिरीच्या रेषेत. सरासरी टेंपरेचर बघशील तर पोवळ्यांना अगदी मस्त जागा. पण जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, वरचं पाणी समुद्रात ढकलतो आणि खालचं थंड, खताने भरलेलं पाणी वर येतं, त्यामुळे भर उन्हाळ्यात तिथला समुद्र थंडगार पडतो. तिथे केल्प, म्हणजे थंड समुद्रातलं मोठं शैवाल, आणि पोवळी एकाच किनाऱ्यावर आहेत, आणि पोवळी मुख्यतः आडोशाच्या उपसागरांत जिथे हे थंड पाणी थेट येत नाही. वर्षातले तीन-चार महिने बाकीच्या आठ-नऊ महिन्यांवर भारी पडतात ते असे.

पण गुजरातमधे टेंपरेचर हे दार फक्त उघडतं. दोन्ही आखातांत हिवाळ्यात साधारण विशीच्या आसपास आणि उन्हाळ्यात तिशीच्या घरात पाणी असतं, म्हणजे दोन्हीकडे दार उघडंच आहे. त्यामुळे तुझ्या मॉडेलला फरक दिसला नाही यात नवल नाही, जो फरक त्याला दाखवलाच नाही तो ते कुठून ओळखणार.

खरा फरक गाळाचा आणि त्यामुळे उजेडाचा आहे. रीफ बांधणाऱ्या पोवळ्याच्या अंगात बारीक एकपेशीय शैवाल राहतं, ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा भाग पोवळ्याला मिळतो, त्या जोरावर ते चुनखडीचा सांगाडा बांधतं. उजेड गेला की कमाई गेली. वर गाळ अंगावर बसतो तो वेगळाच खर्च, कारण पोवळं चिकट म्हणजे बुळबुळीत स्राव सोडून आणि बारीक केसांसारख्या तंतूंनी गाळ ढकलत राहतं, आणि ती शक्ती वाढीतून वजा होते. म्हणजे गढूळ पाण्यात मिळकत कमी आणि खर्च जास्त, दोन्ही एकदम.

आता खंभातकडे बघ. मही, साबरमती, नर्मदा, तापी या चार मोठ्या नद्या तिथे गाळ आणून टाकतात. आपली विश्वामित्रीसुद्धा ढाढरला मिळून शेवटी तिथेच जाते, म्हणजे पावसाळ्यात बडोद्याच्या पुलाखालून जे लाल पाणी वाहतं ते त्याच आखातात पोचतं. पण नुसत्या नद्यांनी काम झालं नसतं, गाळ एकदा तळाशी बसला की विषय संपला असता. तो बसत नाही कारण खंभातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं आहे आणि भरतीचं पाणी आत येताना चढत जातं, भावनगरकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या आसपास जातो, हा जगातल्या मोठ्या आकड्यांपैकी आहे. एवढं पाणी रोज दोनदा आत-बाहेर होतं तेव्हा तळ सतत ढवळलेला राहतो, जानेवारीतही आणि मे महिन्यातही.

हे बघायला लांब जायची गरज नाही. जंबुसरच्या पुढे कावी-कंबोईला स्तंभेश्वराचं मंदिर आहे, बडोद्याची निम्मी मंडळी कधी ना कधी गेलेली असतात, भरतीला मंदिर बुडतं ते बघायला. पुढच्या वेळी गेलास किंवा गेलीस तर पिंडीचं दर्शन झाल्यावर एक पारदर्शक बाटली भरून घे आणि घरी टेबलावर ठेव, थोड्या वेळाने तळाशी राखाडी-तपकिरी थर जमतो आणि वरचं पाणी तरी पूर्ण निवळत नाही. आम्ही पाण्याचा स्वच्छपणा मोजायला दोरीला पांढरी तबकडी बांधून खाली सोडतो, ती दिसेनाशी होते ती खोली लिहून घ्यायची, आणि तिथे ती वीतभर खाली गेली की गायब होते. लक्षद्वीपला हीच तबकडी वीस-वीस मीटरपर्यंत दिसते. वीतभर उजेडात कुठलं पोवळं कमाई करणार? शिवाय बसायला कडक खडक हवा, पोवळ्याचं पिल्लू चिखलावर चिकटूच शकत नाही, आणि आखाताचा तळ बहुतेक चिखल आणि हलती वाळू.

कच्छच्या आखातातही पाणी काही निवळशंख नसतं, दक्षिण काठाच्या नरारा किंवा पिरोटन बेटाला गेलेल्यांना माहीत आहे. उधाणाची भरती तिथेही मोठी, ओख्याला तीन-चार मीटर आणि आत कांडला-नवलखीकडे सहा-सात मीटर. पण मोठी नदी एकही नाही, सौराष्ट्रातून येणाऱ्या छोट्या नद्या वर्षातले बरेच महिने कोरड्या असतात. सिंधूच्या मुखाकडून येणारा बारीक गाळ कच्छच्या किनाऱ्याने आखाताच्या तोंडापर्यंत पोचतो, पण मधल्या खोल भागातून भरतीचा प्रवाह इतक्या जोरात आडवा जातो की उत्तरेचा गाळ सहजासहजी दक्षिण काठाला ओलांडून येत नाही. त्यामुळे एकाच आखातात दोन वेगळी जगं झालीयत, उत्तरेला कच्छकडे चिखलाची मैदानं आणि तिवरांची जंगलं, दक्षिणेला जामनगर-ओख्याकडे सपाट खडक आणि त्यावर रीफ. तुझं मॉडेल जर उत्तर काठालाही चांगले मार्क देत असेल तर तेही याच कारणाने चुकतंय.

नदी नाही याचा दुसरा परिणाम खारटपणावर. ऊन प्रचंड, पाऊस कमी, त्यामुळे आखातात आत जावं तसं पाणी जास्त खारट होत जातं, साधारण 35 पासून 40 पर्यंत, म्हणजे किलोभर पाण्यात इतके ग्रॅम मीठ. नेहमीच्या खाडीत उलट असतं, आत गोडं आणि तोंडाशी खारं. 40 हा आकडा बऱ्याच पोवळ्यांच्या सहनशक्तीच्या काठावरचा आहे.

आणि मग ओहोटी. हा भाग तुझ्या गाईडना नक्की दाखव कारण सॅटेलाइटच्या डेटात हा कुठेच येत नाही. उधाणाच्या ओहोटीला नराराचा रीफ फ्लॅट, म्हणजे रीफचा सपाट माथा, किलोमीटरच्या हिशोबात उघडा पडतो, लोक बूट घालून चालत जाऊन ऑक्टोपस, पफर मासा, समुद्रफुलं बघतात. तेव्हा पोवळी हवेत असतात. मे महिन्यात 40 अंशांचं ऊन, जानेवारीत पहाटेचं थंड वारं, दोन्ही त्यांना उघड्यावर सोसायचं असतं. उधाणाची ओहोटी एका ठिकाणी साधारण ठराविक वेळेलाच येते, त्यामुळे ती वेळ दुपारची आहे की सकाळची यावर कुठल्या रीफचं नशीब काय हे बरंचसं ठरतं, आणि किनाऱ्याने पुढे जावं तशी ही वेळ बदलत जाते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक फुकट मिळतं पण मॉडेलमधे ते घालणारे फार कमी बघितलेत.

हे सगळं सोसून कोण उरलंय ते एकदा नीट बघ. कच्छच्या आखातात कडक पोवळ्यांच्या प्रजाती चाळीस-पन्नासच्या घरात आहेत, अंदमानला चारशेच्या वर. जी आहेत ती म्हणजे पोराइट्स, फॅव्हिया, फॅव्हाइट्स, गोनिअॅस्ट्रिया, गोनिओपोरा, टर्बिनेरिया, सिडेरास्ट्रिया, म्हणजे बहुतेक गोलाकार, जाडजूड, हळू वाढणारी. फांद्यांचं नाजूक, भराभर वाढणारं ॲक्रोपोरा, जे बाकीच्या उष्ण समुद्रात रीफवर राज्य करतं, ते इथे मुख्यतः मेलेल्या सांगाड्यांच्या रूपात सापडतं, म्हणजे एकेकाळी इथलं पाणी त्यालाही चालत होतं. गोनिओपोराचा एक गोळा भरलेल्या डबक्यात वाकून बघितलास तर कळेल तो गाळात का टिकतो, त्याचे पॉलिप, म्हणजे गोळ्यावरचे एकेक छोटे प्राणी, बोटभर लांब, दिवसाढवळ्या बाहेर काढून हलवत बसलेले, गाळ पडला तरी सांगाड्यापर्यंत पोचायच्या आत झटकला जातो. फ्लॅटवरचे पोराइट्स आणि गोनिअॅस्ट्रियाचे काही गोळे वरून पाटासारखे सपाट असतात, मधला भाग मेलेला आणि कडेने जिवंत गोल, कारण ओहोटीला पाणी जिथपर्यंत उतरतं त्याच्या वर वाढलेला भाग ऊन मारून टाकतं आणि मग त्याला फक्त आडवं पसरता येतं. तो सपाट माथा म्हणजे ओहोटीच्या पाण्याची पातळी त्या प्राण्याने स्वतः कोरून ठेवलेली नोंद. मला विचारशील तर एका सॅटेलाइट पिक्सेलपेक्षा त्या एका गोळ्यात जास्त माहिती आहे.

त्याच न्यायाने स्पंज आणि झोअँथिड (पोवळ्यांचे बिनसांगाड्याचे भाऊबंद), जे पाण्यातलं अन्नही खातात आणि फारसे उजेडावर अवलंबून नाहीत किंवा कमी आहेत, ते इथे जोरात असतात. म्हणजे "रीफच्या प्रजाती" असं एक खातं करून एकच मॉडेल चालवू नको. फांद्यांची पोवळी, गोळ्यांची पोवळी, स्पंज, मासे, प्रत्येकाचे वाईट दिवस वेगळे असतात.

आता आखाताच्या बाहेर ये, द्वारका, पोरबंदर, वेरावळ. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ, खडक भरपूर, टेंपरेचर ठीक, तरी रीफ नाही, इकडे तिकडे विखुरलेली पोवळी फक्त. इथे लाटा. पावसाळ्यात अख्ख्या अरबी समुद्राची लाट आडोशाशिवाय या किनाऱ्यावर आदळते आणि वाळू घासत राहते. आणि हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रावर कोरडं थंड ईशान्य वारं सुटलं की वरचं पाणी गार आणि जड होऊन खाली जातं, खालचं खत वर येतं, मग शैवाल माजतं. ओख्यापासून वेरावळपर्यंतचा किनारा समुद्री शैवालांसाठी नावाजलेला आहे तो यामुळेच. सारगॅसम हे तपकिरी शैवाल भराभर वाढून खडक व्यापतं आणि पोवळ्याच्या पिल्लाला जागाच मिळत नाही. इथे पोवळं हरतं ते थंडीमुळे किंवा गाळामुळे थेट नाही, शेजाऱ्याला पाणी जास्त मानवतं म्हणून. मॉडेलमधे नायट्रेट (म्हणजे पाण्यातलं ते खत) आणि लाटांचा मारा हे डेटाचे दोन थर असतील तर हा पट्टा बराच सुधारेल.

कोकणाबद्दल थोडक्यात, कारण तू तुलना मागितलीयस. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पोवळी आहेत, तिथलं सागरी अभयारण्य 1987 चं, पण पावसाळ्यात खाड्यांचं गोडं गढूळ पाणी त्यांच्यावरून जातं. विजयदुर्गपासून साधारण 105 किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, माथा पाण्याखाली 20 मीटरच्या आसपास, आणि तिथे नदीचं पाणी पोचत नाही म्हणून एवढ्या खोलीवरही पोवळ्यांचा श्रीमंत रीफ आहे. अक्षांश जवळपास तोच, टेंपरेचर जवळपास तेच. मुंबईत 2020 मधे कोस्टल रोडसाठी पोवळ्यांच्या 18 वसाहती हलवल्या, म्हणजे मुंबईतही पोवळी आहेत, पण खडकावर पोवळं असणं आणि पोवळ्यांनी रीफ बांधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुझ्या डेटात या दोन्हींना एकच ठिपका दिला असेल तर आधी ते वेगळं कर.

पिल्लं कुठून येतात हाही मुद्दा आहे. पोवळ्याचं पिल्लू काही दिवस ते काही आठवडे पाण्यात तरंगतं आणि प्रवाह नेईल तिकडे जातं. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळात दक्षिणेला वाहतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेला, म्हणजे अंडी कुठल्या महिन्यात सुटतात त्यावर पिल्लं कुठल्या दिशेला जाणार ते ठरतं. आणि मधे खंभातचा गढूळ पट्टा आडवा आहे. त्यामुळे कच्छचा रीफ बऱ्यापैकी स्वतःच्याच पिल्लांवर उभा आहे असं माझं मत आहे, आणि म्हणून तिथली एखादी प्रजाती गेली की बाहेरून परत यायला फार वेळ लागेल.

वाईट दिवस सोसायची सवय असण्याचा एक फायदा 1998 मधे दिसला. त्या वर्षी एल निनोमुळे समुद्र तापला आणि लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातात 80 टक्क्यांहून जास्त पोवळी पांढरी पडली, कच्छच्या आखातात सरासरी 11 टक्क्यांच्या आसपास. पण यावरून कच्छचा रीफ अमर आहे असं कुणी म्हणू लागलं की मला राग येतो. रोज टोकाला जगणाऱ्याकडे पुढे सरकायला जागा कमी असते. वर्षातल्या सगळ्यात गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा एक अंश जास्त टेंपरेचर काही आठवडे राहिलं की पोवळी पांढरी पडायला लागतात, हा हिशोब कच्छलाही लागू आहे, फक्त तिथला पाया वेगळा आहे.

मग आता काय करायचं. सरासरी टेंपरेचर काढून टाकू नको पण त्याच्या जोडीला सगळ्यात थंड महिन्याचं किमान आणि सगळ्यात गरम महिन्याचं कमाल घे, पाण्यात उजेड किती लवकर संपतो तो थर घे, भरतीचा पल्ला, लाटा, तळ खडक की चिखल, हे घे. बायो-ओरॅकल या समुद्राच्या तयार डेटासंचाचे थर सगळे वापरतात पण त्यांचा पिक्सेल आवृत्तीप्रमाणे साधारण 5 ते 9 किलोमीटरचा असतो आणि पिरोटनसारखं बेट त्यात अख्खं हरवून जातं, किनाऱ्यालगतच्या पिक्सेलमधे जमीन मिसळलेली असते तो त्रास वेगळा. सॅटेलाइटचं क्लोरोफिल, म्हणजे शैवालातल्या हिरव्या रंगाचा आकडा, खंभातसारख्या पाण्यात जसंच्या तसं वापरू नको, तिथे गाळाचा रंग बऱ्याचदा शैवाल म्हणून मोजला जातो आणि आकडा फुगतो.

पोवळं सापडल्याचे ठिपकेही तपास. नरारा आणि पिरोटनचे ठिपके जास्त आहेत कारण तिथे पोचता येतं, ओख्याजवळच्या पोशित्र्याचे कमी, आणि पाण्याखालच्या भागाचे त्याहून कमी. जिथे ठिपका नाही तिथे समुद्र वाईट आहे असंही समजू नको, कारण या आखातातल्या काही रीफवरून सिमेंटसाठी चुनखडीची वाळू वर्षानुवर्षं उपसली गेलीय आणि तिथलं न सापडणं माणसामुळे आहे. जुना डेटा हवा असेल तर बडोद्यातच शोध. ओखामंडळ, म्हणजे कच्छच्या आखाताच्या तोंडाचा भाग, बडोदे संस्थानात होतं, सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल यांच्याकडून तिथल्या सागरी जीवांचा अभ्यास करून घेतला, त्या अहवालाचे दोन भाग 1909 आणि 1916 मधे आले. शंभर वर्षांपूर्वी त्या तोंडाशी काय होतं याची यादी आपल्याच राज्याने केलीय आणि आपलीच मुलं फक्त सॅटेलाइट उघडून बसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फील्डला जायचं ठरलं तर वनखात्याची परवानगी महिना-दोन महिने आधी माग, तो भाग 1982 पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि कडक पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. आणि दोन-तीन टेंपरेचर लॉगर (आपोआप टेंपरेचर नोंदवणारी छोटी यंत्रं) मिळाले तर एक फ्लॅटवरच्या डबक्यात आणि एक रीफच्या उतारावर पाण्याखाली लाव, एप्रिलपासून जूनपर्यंत तरी राहू दे. दोघांच्या कमाल आकड्यातला फरक आला की मला पाठव, मॉडेलमधे तो कसा घालायचा ते आपण बघू.